बंगल्यावरचा मेदोर

"त्याला घरात आनू नको," उंबऱ्यात उभा राहून हरिलाल म्हणाला.

त्याची सून देवकी अंगणाच्या कडेलाच थबकली. तिच्या हातातल्या दोरीला वासराएवढा पिवळट कुत्रा होता. जीभ बाहेर काढून तो शांत उभा होता.

"मामंजी, उद्या त्याला गोळी घालनार व्हते."

"घालू दे."

देवकी उसाच्या इस्टेटीवरच्या बंगल्यात धुणं धुवायची. बेटाला स्वातंत्र्य मिळणार म्हटल्यावर तिथले गोरे मालक, ज्यांना सगळी वस्ती ग्रां मिसिये म्हणे, बायकामुलांसह बोटीनं डर्बनला निघून गेले. त्यांचा कुत्रा मेदोर मागे राहिला. कित्येक दिवस तो बंद दाराशी बसून होता. आज सकाळी पहारेकरी बंदूक पुसत बसलेला देवकीला दिसला, आणि पुढचा-मागचा विचार करायच्या आत तिनं मेदोरची दोरी सोडली. ती त्याला घेऊन रिव्हिएर दू रांपार गावच्या रस्त्यानं आली तेव्हा बायकांनी पोरं आत ओढून घेतली. बंगल्यावरची कुत्री काय करतात, हे वस्तीला ठाऊक होतं.

हरिलालला तर जास्तच. तरुणपणी शेळीसाठी उसाचे शेंडे गोळा करताना त्याच्या अंगावर कुत्री सोडली होती. पोटरीचा लचका गेला. त्यानंतर जन्मभर तो लंगडत ऊस तोडत राहिला, पण त्या दिवसाबद्दल घरात कधी बोलला नाही.

"ह्यो तसला न्हाय," देवकी म्हणाली. "मी कपडे वाळत घालते, तवा पायाशी येऊन निजतो."

"गोपाल येऊ दे गिरनीतनं. मग ह्या घरात तो ऱ्हाईल, न्हायतर मी."

म्हाताऱ्यानं कोयता घेतला आणि दारातच बैठक मारली. देवकीनं मेदोरला लिचीच्या झाडाला बांधलं. नवरा बापाचा शब्द मोडणार नाही, हे तिला माहीत होतं. पुढ्यात ठेवलेला भात मेदोरनं हुंगलासुद्धा नाही.

दुपारी ती मागच्या बाजूला मान्योकचे कंद सोलत होती. तीन वर्षांची इंद्राणी चटईवर झोपली होती. देवकीनं मान वर केली, तर चटई रिकामी.

ती धावत अंगणात आली. इंद्राणी मेदोरच्या गळ्याला मिठी मारून उभी होती. दोन पावलांवर हरिलाल, हातात उगारलेला कोयता.

"हलू नको, बाय," तो नातीला म्हणाला.

इंद्राणीनं मेदोरचा पट्टा धरून जोरात हिसका दिला. मेदोर कळवळला. त्याचे दात दिसले. पण मेदोरनं तोंड फिरवलं, पोट जमिनीला टेकवलं आणि पोरीनं पट्टा सोडेपर्यंत तो तसाच पडून राहिला.

देवकीनं लेकीला उचललं. इंद्राणीचे तळहात रक्तानं भरले होते. जखम कुठं आहे ते देवकीला सापडेना.

"तिचं न्हाय ते," हरिलाल म्हणाला.

तो कुत्र्याच्या गळ्याकडे बघत होता. पिल्लू असताना बांधलेला पट्टा कुणी कधी सैल केलाच नव्हता. केसांखाली तो मांसात रुतला होता.

मग म्हाताऱ्यानं कोयता भिंतीला टेकवला.

"सुरी आन. हळद आन."

"डोकं धराया कुनीतरी पायजे, मामंजी. दुखलं तर चावल."

कुंपणापलीकडे शेजारणी जमल्या होत्या. त्यांतली एकही पुढे आली नाही. हरिलालनं त्यांच्याकडे पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि अवघडत खाली बसला. दोन्ही हातांनी त्यानं मेदोरचं डोकं स्वतःच्या छातीशी धरलं.

देवकीनं सुरीचं टोक पट्ट्याखाली घातलं तसा मेदोर शहारला. म्हातारा खांद्यापासून थरथरत होता. डोळे त्यानं गच्च मिटून घेतले होते.

"लवकर कर," तो म्हणाला.

पण हात त्यानं काढले नाहीत.