एवेलिओच्या मिरचीवरचे डाग

"घट्ट बांध गं. सैल राहिली तर नजर आत शिरते," शेजारची नेरेइदा म्हणाली आणि लाल फितीचं टोक तिने दातांनीच तोडलं.

ओदालिसने मिरचीच्या झाडाला गाठ मारली. परसातल्या सगळ्या झाडांना आता फिती झाल्या होत्या. लग्नघर असावं तसं दिसत होतं. डाग मात्र होते तिथेच होते. फिकट पिवळे ठिपके, मधेमधे गर्द हिरवे, आणि पानं कडेने आक्रसलेली. पहिल्या झाडावर दिसले तेव्हा तिने उन्हाला दोष दिला होता. आता निम्मी रांग डागाळली होती.

झाडं तिच्या नवऱ्याची, एवेलिओची. टोपीच्या आकाराची, तिखट नसलेली, नुसत्या वासाची मिरची. गल्लीत कुणाच्याही चुलीवर काळा घेवडा चढला की एवेलिओच्या दारात कुणीतरी वाटी घेऊन उभं असायचं. ओदालिस सिगारच्या कारखान्यात सिगार वळायची. "तू तुझा तंबाखू सांभाळ, मी माझी मिरची," म्हणून तो तिला परसातून हुसकून लावायचा, आणि तीही दमलेली असायची, म्हणून हसून आत जायची.

जानेवारीत तो गेला. भर दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. तेव्हापासून ओदालिस रडली नव्हती. दात काढल्यावर गाल होतो तशी ती आतून बधिर झाली होती. कारखान्याच्या दालनात, काम चालू असताना ऐकवायला नेमलेला वाचक रोज मोठ्याने कादंबरी वाचायचा. वाचन संपलं की सगळ्याजणी पानं कापायचं पातं टेबलावर ठोकून दाद द्यायच्या. तीही ठोकायची. कादंबरीत कोण मेलं, कोण परत आलं, तिला विचाराल तर सांगता आलं नसतं.

सुटी झाली की ती तडक परसात यायची आणि एकेक पान हातात घेऊन बघायची. बरं वाटायचं असंही नाही. पण मूलबाळ नव्हतं, आणि ही झाडं मेली तर एवेलिओचं जिवंत असं काही उरणार नव्हतं. एवढं एक तिला त्या बधिरपणातही पक्कं कळत होतं. म्हणून तिने राख टाकली, साबणाचं पाणी मारलं, कारखान्यातला झाडलेला तंबाखूचा चुरा बादलीत भिजवून तेही पाणी सगळ्या रांगेवर शिंपडलं. त्यांच्या काबाईगुआन गावात कीड लागली की सगळे हेच करतात.

फितींनीही काही होईना, तेव्हा एक पान वर्तमानपत्रात गुंडाळून ती बियाण्यांच्या दुकानात गेली. तिथे झाडांचे रोगही बघत. गल्ल्यावर बसलेल्या विल्फ्रेदोने पान उजेडात धरलं.

"काय काय फवारलंत?"

"राख, साबण. मग तंबाखूचं पाणी."

"तंबाखू कारखान्यातला?"

"सगळेच आणतात."

"आणतात खरे. तुम्ही सिगार वळता?"

"जन्मभर तेच केलं."

"हात बघू."

तिने हात पुढे केले. बोटांची टोकं तपकिरी होती.

"नजरबिजर काही नाही, बाई. हा तंबाखूचा रोग. वाळल्या पानातसुद्धा टिकून राहतो आणि हातावर बसून झाडावर जातो. तुम्ही तर बादलीच ओतलीत."

"औषध?"

"नाही. डागाळलेली सगळी उपटा आणि जाळा. उरलेल्यांना हात लावण्याआधी साबण, मग दूध. दुधापुढे त्याचं फारसं चालत नाही."

"दूध? दूध रेशनवर, तेही सात वर्षांखालच्या पोरांनाच. मी काय पुन्हा लहान होऊ?"

मागचा एक म्हातारा खो खो हसला. ओदालिस हसली नाही. ती चेष्टा करायला बोललीच नव्हती.

घरी येऊन तिने झाडं उपटली. जी ती रोज हाताळायची, तीच सगळ्यांत आजारी होती. वाईट वाटायला हवं, असं तिच्या मनात येऊन गेलं. फितींसकट ढीग पेटवला. रांगेच्या टोकाची चारदोन झाडं तेवढी उरली.

धूर बघून नेरेइदा आली. सगळं ऐकल्यावर घरी गेली आणि वाटीभर दूध घेऊन परतली.

"अगं, हे तुझ्या नातवाचं."

"तो बघूनच नाक मुरडतो. एवेलिओला तरी मी देतच होते की."

"एवेलिओला?"

"रोज सकाळी, तू कामावर गेलीस की. मिरच्यांच्या बदल्यात. त्या दगडावर बसून हात धुवायचा आणि मग झाडांकडे वळायचा. मला ते खूळ वाटायचं, बाई. चांगलं दूध वाया."

"त्याने हात कशाला धुवावेत?" ओदालिस म्हणाली. "तंबाखूला तो शिवतही नव्हता."

"मीही तेच विचारलं. म्हणाला, रात्रभर ओदालिसचा हात धरून झोपतो ना. म्हटलं, मग तिलाच सांग धुवायला. तर माझ्यावरच डोळे वटारले. म्हणे, खबरदार तिला बोललीस तर. कळलं तर मला हात लावायची नाही ती."

सांगताना नेरेइदाला हसू फुटलं होतं. ओदालिसच्या तोंडाकडे लक्ष गेलं तशी तिने वाटी दगडावर ठेवली.

ओदालिस दगडावर बसली. तिने साबणाने दोन्ही हात धुतले. मग उजवा हात वाटीत बुडवला. दूध किंचित पिवळट झालं.

"दुसरा?" नेरेइदाने विचारलं.

एवेलिओ पलंगावर तिच्या डाव्या बाजूला झोपायचा.

"तो आज राहू दे," ओदालिस म्हणाली, आणि डावा हात पाठीमागे धरून उरलेल्या झाडांना पाणी घालायला उठली.