चिंचेच्या चोथ्यानं खाल्लेली कल्हई

मी चिंचेचा चोथा बोलतोय. नाक मुरडू नका. तुमच्या आमटीतला आंबटपणा माझाच होता, तो तुम्ही बोटं चाटून खाल्लात. उरलो तो मी. मलाही बोलायचं असतं, पण चोथ्याला विचारतंय कोण?

माझा जन्म कडेगावच्या शिवारात, ओढ्याकाठच्या एका वाकड्या झाडावर. झाड कुणाच्या वाटणीचं, यावरनं दोन भाऊ भांडत राहिले आणि तेवढ्यात निम्मी चिंच वानरांनी खाल्ली. उरलेली अंबूबाई नावाच्या म्हातारीनं झोडपली. तिनं मला फोडलं, चिंचोके काढले, मीठ लावून ठेचलं आणि गोळा करून मडक्यात दाबलं. तीन वर्षं तसाच पडून होतो. पार काळा झालो. चिंच जुनी झाली की बायका तिला जपून वापरतात. म्हातारीला मात्र त्या घरात कुणी पाणीसुद्धा विचारत नव्हतं. असो. माणसांच्या घरात आपण कशाला बोलावं?

चव्वेचाळीस साली अंबूबाईची सून हरणाबाई मला फडक्यात बांधून सांगलीला घेऊन आली. तिचा नवरा आकाराम पलटणीत, बर्म्याच्या बाजूला लढाईवर. त्याचं पत्र आलं तर आलं. हरणाबाई सांगलीत एका गल्लीतल्या चार घरची भांडी घासायची. चारी घरं एकमेकांच्या शब्दावर चालणारी. एका घरानं ठेवली म्हणून दुसऱ्यानं ठेवली. तसंच एका घरानं काढली असती, तर बाकीच्यांनी का म्हणूनसुद्धा विचारलं नसतं. एवढ्या एका धाग्यावर बाईचं पोट.

त्यातलं पहिलं घर गंगाधरपंतांचं. पंत हळदीच्या पेढीवर कारकून. लढाईपायी साबण मिळेना, रॉकेल मिळेना, म्हणून पंतांना काटकसरीचं वेड लागलेलं. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, की घरातल्या जिनसांनी घर लखलखीत ठेवता येतं. मग काय विचारता! रिठ्याच्या पाण्यात रेशमी उपरणं धुतलं, ते चांगलं निघालं. लिंबाची साल आणि राख लावून समया घासल्या, त्याही उजळल्या. आंबट ताकानं तांब्याचा गडवा लाल केला. इथवर ठीक. पंतांची बायको अनसूयाबाई हेच जन्मभर करत आली होती. पण छापून आल्यावर ते पंतांचं झालं.

मग पंतांनी स्वतःचा शोध लावला. हरणाबाईनं त्या घरी दिलेला मी हाताशी होतोच. मला भिजवलं, कोळलं, त्यात विटकरीची पूड, मीठ आणि मूठभर कोंडा घातला. लगदा एका डब्यात भरून वर कागद चिकटवला: ‘पात्रप्रभा’. माझ्या सात पिढ्यांत कुणाला एवढं मोठं नाव मिळालं नव्हतं. नाव मोठं, आत मीच.

“हरणाबाई, आजपासून सगळी भांडी ह्यानं घासायची. आतून बाहेरून.”

हरणाबाईनं मला बोटावर घेऊन हुंगलं. “आवं पंत, ह्यो तर मीच आनल्याला चोथा. बाहेरनं लावते की. आतनं नगं. कल्हई जाईल.”

“तू शिकलीयस किती?”

“काय बी न्हाई. म्हनून तर बोटानं बघते.”

तिचं खरं होतं. पितळेच्या भांड्याला आतनं कथलाचा पांढरा लेप असतो, ती कल्हई. ती शाबूत असेल तर कढी करा, सार करा, काय वाटेल ते करा. ती गेली की आंबट पदार्थ कळकतो. हिरवट पडतो, जीभ आखडते, पोट ढवळतं. त्या साली कथील मिळत नव्हतं. ते यायचं मलायातनं आणि मलायात जपानी बसलेला. कल्हईवाला वर्षभर गल्लीत फिरकला नव्हता. म्हणून सगळ्या बायका उरलीसुरली कल्हई जपायच्या, आतनं नुसता मऊ राखेचा हात फिरवायच्या. मासिकात ते छापलं नव्हतं.

पंतांना मात्र जगाला दाखवायची घाई. त्यांनी बाकीच्या तीन घरच्या कर्त्या पुरुषांना जेवायला बोलावलं. पंगतीत भांडी झळकली पाहिजेत, मग पात्रप्रभेची पुडी प्रत्येकाच्या हातात. हरणाबाई ऐकणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून ती यायच्या आत पंतच धोतर खोचून मोरीवर बसले. कढीचं मोठं पातेलं पुढ्यात घेतलं आणि मला आतनं असं रगडलं, असं रगडलं, की पेढीवर इतका जोर लावला असता तर एव्हाना मुनीम झाले असते. मी काय करणार? माझा स्वभाव आंबट, त्यात सोबतीला विटकर. पांढरा लेप निघून माझ्या अंगाला चिकटला. ती कल्हई मी खाल्ली. कबूल.

त्या घरात बाईनं घासलेली भांडी अनसूयाबाई पुन्हा पाणी घालून आत घ्यायची. शिवाशिवीचा नियम. नवऱ्यानं घासलेल्यालाही तिनं पाणी घातलं, आणि पातेल्यात बघितलं.

“अहो, आत पिवळं दिसतंय.”

“ती चकाकी आहे.”

ती गप्प बसली. एवढं मोठं दुसरं पातेलं घरात नव्हतं. तिनं त्यातच कढी केली. कळत असून केली, हे मी तिच्या तोंडावर सांगेन.

दुपारी पंगत बसली. पंतांनी आधी भांड्यांवर भाषण केलं. मग कढी वाढली गेली. शेजारचे मधुकाका म्हणजे गल्लीतलं वजनदार माणूस. त्यांनी वाटी तोंडाला लावली आणि तशीच खाली ठेवली.

“पंत, कढीत ढब्बू पैसा उकळलाय की काय?”

दुसऱ्यानं घोट घेतला, तो परसात पळाला. तिसऱ्यानं वाटी उजेडाकडं धरली. कढी हिरवट.

पंतांचा चेहरा कढीपेक्षा हिरवा झाला. पण माणूस कारकून, चूक कुणाच्या नावावर टाकायची हे हाताला सवयीचं. परसदाराकडं बघून ओरडले, “हरणाबाई! भांडी घासतेस का डोळे मिटून बसतेस?”

“आमच्याकडेही हीच येते,” मधुकाका म्हणाले. “उद्यापासून दुसरी बघावी लागेल. पोटाशी खेळ नको.” बाकीच्या दोघांनी माना हलवल्या.

झालं. तीन मानांत चार घरं गेली. हरणाबाई परसात माझ्याशेजारीच बसलेली. तिनं हातातली राख खाली टाकली. रडली नाही.

तेवढ्यात अनसूयाबाई पातेलं घेऊन पंगतीत आली. ह्या बाईचा आवाज परक्या पुरुषांनी कधी ऐकला नव्हता. तिनं नवऱ्याच्या पानापुढं पातेलं टेकवलं.

“आज भांडी हरणाबाईनं घासली नाहीत. ह्यांनी घासली. आतून लावू नका म्हणून ती सांगत होती. मीही बघितलं आणि गप्प बसले.” मग पळी भरून पंतांकडं वळली. “वाढू का अजून?”

“नको,” पंत म्हणाले.

“चकाकी आहे हो त्यात.”

मधुकाका मिशीत हसले. पंत पानाकडं बघत पुटपुटले, “कल्हई गेली असावी.” माझ्या मते तिथंच सगळं मिटलं होतं. हरणाबाईच्या मते मिटलं नव्हतं.

ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. “वैनी, तुमी बोलला, लय झालं. पर हितं बसल्यात बापय. भांडी घासाय देत्यात त्येंच्या बायका. त्यास्नी सांजच्याला एवढंच कळंल, की हरणीच्या हातनं कढी नासली. त्येंला कोन सांगनार?”

“मी सांगतो ना घरी,” मधुकाका म्हणाले.

“तुमी इसरशीला. पंतांनी यावं. तीन घरच्या सैपाकघरापुढं हुबं ऱ्हाऊन सांगावं. तवर मी खरकट्याला हात लावत न्हाई.”

“मी? बायकांपुढं?” पंत उडालेच.

“मग घासा तुमीच. पात्रपरभा हाय की.”

पंतांनी परसात बघितलं. चार जणांची ताटं, वाट्या, पातेली, आणि कढीला लागलेल्या माश्या. ते उठले, कोट घातला, टोपी घातली. पेढीवर निघावं तसे निघाले. हरणाबाईनं मला करवंटीत घेतलं आणि मागनं चालली. पुढच्या घरची भांडी पडलेलीच होती आणि माझ्यात अजून थोडा आंबटपणा होता.

पहिल्या घरी पंत दाराच्या चौकटीला म्हणाले, “कढी कळकली. लढाईचे दिवस आहेत.” हरणाबाई जागची हलली नाही.

दुसऱ्या घरी म्हणाले, “कल्हई गेली. कथीलच हलकं येतं हल्ली.” तिथंही ती उभीच.

तिसरं घर मधुकाकांचं. इथं पंतांना जरा सूर सापडला. कल्हई म्हणजे काय, आंबटानं ती कशी उतरते, सगळं समजावून सांगायला लागले. दाराआडनं मधुकाकांची बायको म्हणाली, “हे आम्हाला ठाऊक आहे हो पंत. पण आतून चिंच लावली कोणी?”

पंतांनी टोपी काढली, पुसली, परत घातली.

“मी,” म्हणाले. “हरणाबाई नको म्हणत होती.”

“मग तिला पाठवा मोरीवर. भांडी खोळंबलीत.”

हरणाबाईनं पदर खोचला आणि बसली. त्या दोन घरीही मागनं पंतांना परत जावं लागलं. ती जा म्हणाली नाही, नुसतं बघितलं. चारी घरं राहिली.

मधुकाकांकडच्या घागरीला तिनं मला बाहेरनं लावलं. घागर सोन्यासारखी निघाली, आणि मी संपलो. आता मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या अळूत पडलोय. अंगात ना आंबट ना खारट. पंत म्हणे आता ढेकणांवर काहीतरी शिजवतायत. त्यात कडुलिंब आहे. कडुलिंबाला माझा नमस्कार सांगा.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. मला खुशाल वापरा, पण लावायच्या आधी जिचे हात रोज राखेत असतात तिला विचारा. आणि तिनं सांगितलेलं उद्या आपलं म्हणून खपवू नका.

झालं बोलून. आता सरका बाजूला, माझ्यावरचं ऊन अडवताय.