मवाळ झालेलं नाक

त्या घरात फ्रिजमधली कुठलीही गोष्ट आत्याच्या नाकाखालून गेल्याशिवाय ताटात येत नसे. आत्याने जन्मभर दूध डेअरीत काम केलं होतं. कॅन आला की झाकण उघडायचं, वाकून हुंगायचं आणि आत घ्यायचा की परत पाठवायचा ते नुसत्या मानेने सांगायचं. त्या मानेला गवळी चळचळा कापत. निवृत्त होऊन ती थोरल्या भावाकडे राहायला आली, आणि आपण इथे फुकटचं बसून खात नाही, याचा तिच्यापाशी एकच पुरावा होता, तो म्हणजे हे नाक. वहिनीने भांडं पुढे करायचं, आत्याने डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. निकाल बहुधा विरुद्धच जायचा.

आठवड्याला अर्धा फ्रिज कचऱ्यात जातो म्हणून पुतण्या कातावला होता. त्याने अंड्याएवढं एक यंत्र आणलं. त्यातून ओझोन वायू निघतो आणि तो वासाचा फडशा पाडतो, असं दुकानदाराने सांगितलं होतं. आत्याला कळलं तर ती मनाला लावून घेईल, म्हणून त्याने ते लोण्याच्या डब्यामागे गुपचूप सारून ठेवलं. घरात अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीने दही आणलं. आत्याने हुंगलं. खोट निघाली नाही. मग दूध आलं, चिरलेला कांदा आला, परवाची भाजी आली. सगळे निर्दोष सुटले.

वहिनी खूश झाली. आत्याला मात्र हे पटेना. डेअरीत एका दिवसात इतका प्रामाणिकपणा तिने कधी पाहिला नव्हता. तिने न्हाणीघरात जाऊन साबण हुंगला, फिनेलच्या बाटलीत नाक घातलं, गॅसवरच्या भाताचा वास घेतला. सगळं व्यवस्थित येत होतं. मग तिला उलगडा झाला. नाक शाबूत होतं, पण मवाळ झालं होतं. काही माणसं म्हातारपणी सगळ्यांना माफ करत सुटतात, तसं तिचं नाक आता कुणालाच नावं ठेवेनासं झालं होतं. शिवाय फ्रिज उघडला की झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा काहीतरी वास यायचा. डोक्यातही बिघाड सुरू झाला, अशी तिने मनाशी नोंद केली.

सांगणार कुणाला? नाक गेलं तर उरलं काय? ती अंदाजाने निकाल देऊ लागली. संशय नको म्हणून अधूनमधून एखादी बिचारी ताजी काकडी बाद करायची.

असंच एका दुपारी भावाने शिजवलेल्या माशांचं भांडं फ्रिजमधून काढलं. ते कधीचे, यावर नवराबायकोचं एकमत होईना. भावाने भांडं बहिणीपुढे धरलं. आत्याने डोळे मिटले. मासा काही म्हणजे काही बोलेना. तिने मान हलवली, चालेल म्हणून.

भावाने घास केला. तो तोंडाशी गेला आणि आत्याने त्याचं मनगट धरलं.

"दादा, खाऊ नकोस. मला कळत नाहीये."

"काय कळत नाही?"

"नासकं काय ते. बरेच दिवस झाले. माझं नाक गेलं रे."

तिचे डोळे भरून आले. वहिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला. पुतण्या मात्र चोरासारखा उठला, लोण्याच्या डब्यामागून यंत्र काढून त्याने टेबलावर ठेवलं आणि खाली मान घालून सगळं सांगितलं.

आत्याने यंत्र उलटंपालटं करून हुंगलं. झेरॉक्सच्या दुकानाचा तो वास यातूनच येत होता. "आणि मासा? तोही ताजा करतं का हे?"

वरवरचे थोडे जंतू मरतात म्हणे, पुतण्या म्हणाला. आतल्याबद्दल दुकानदार काही बोलला नव्हता.

"म्हणजे चोर मोकळा, आणि बोंब मारणाऱ्याच्या तोंडात बोळा."

यंत्र बंद झालं. भांडं टेबलावरच राहिलं होतं. ऊन लागलं तसा मासा बोलू लागला, आणि असा बोलला की वहिनी पदर नाकाला लावून बाहेर पळाली. आत्या तेवढी तिथेच उभी राहून भरभरून श्वास घेत होती. इतक्या घाण वासाने इतकं सुखावलेलं माणूस त्या घराने पाहिलं नव्हतं.

पण भावाचा तो घास तिच्या डोळ्यांपुढून हलेना. उद्या नाक खरंच गेलं तर? दुसऱ्या दिवशी तिने तिघांना फ्रिजपुढे ओळीने उभं केलं. तोंड मिटा, श्वास हळू घ्या, आधी ताजं हुंगा आणि मगच शिळं, असं शिकवत ती एकेक भांडं फिरवू लागली. भाऊ दर भांड्याला शिंकत होता. पुतण्याला सगळ्याला लोण्याचाच वास येत होता.

वहिनीने मात्र दुधाचं पातेलं हुंगलं, डोळे मिटले आणि जरा वेळ घेतला.

"वन्सं, हे संध्याकाळपर्यंत टिकायचं नाही."

आत्याने हुंगलं. तिच्या मते उद्या दुपारपर्यंत टिकणार होतं. पण तिने डेअरीतल्यासारखी मान हलवली आणि म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं. तापवा लगेच."