सातारची चौकशी

शेजारची पूजा कणकेचे हात तसेच घेऊन आमच्या दारात आली.

"काकी, साखर काढा! अंकिताची चौकशी करायला सातारचा मानूस आलाय."

"कोण माणूस?"

"एकटाच हाय. मोटरसायकलचा नंबर अकराचा, म्हंजी सातारचाच की. लय खोदून खोदून इचारतोय. पर आमी बी काय कमी न्हाई."

अंकिता माझी लेक. इस्लामपूरला नोकरी करते. तिच्यासाठी साताऱ्याकडचं एक स्थळ मध्यस्थानं सुचवलं होतं. आमच्या कुंडलकडं मुलाच्या घरचे आधी एखादा माणूस गुपचूप गावात धाडतात. तो चहा पितो, उसाच्या गप्पा मारतो आणि बोलता बोलता काढून घेतो, आई कशी आहे, बाप पितो का, घरात कुणाला मोठं दुखणं आहे का. अशा वेळी सगळी गल्ली एक होते. एरवी नळावर एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरणाऱ्या बायका त्या दिवशी शेजारणीच्या लेकीला लक्ष्मी म्हणतात.

साखर काढायला माझी हरकत नव्हती. पण आदल्याच दिवशी सांगलीच्या दवाखान्यातून प्रीतीचा फोन आला होता. ती तिथं विम्याच्या खिडकीवर बसते. "मावशी, कंपनीचा माणूस गावात चौकशीला येईल. घाबरू नका. त्यानं बरं लिहिलं की दुसऱ्या ऑपरेशनची मंजुरी आलीच."

माझ्या डाव्या छातीत गेल्या वर्षी कॅन्सर निघाला. छाती काढली आणि त्याच वेळी सांगलीच्या डॉक्टर मॅडमनी कातडीखाली एक रिकामी पिशवी बसवली. अधूनमधून सांगलीला जायचं, सुईनं तिच्यात खारं पाणी भरून घ्यायचं, की कातडी हळूहळू ताणून जागा होते. मग ती पिशवी काढून तिथं कायमचं इम्प्लांट. पिशवी तात्पुरती. तशीच ठेवली तर कधी गळेल, कधी पू धरेल, सांगता येत नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. पहिलं ऑपरेशन विम्यात झालं. दुसऱ्याला कंपनी म्हणाली, हे तर सुंदर दिसण्यासाठी. त्यावर मॅडमनी खरमरीत पत्र धाडलं की कॅन्सरनं नेलेलं परत करण्याला नटणं म्हणत नाहीत. तेव्हा कंपनी जरा नरमली. बरं म्हणाली, चौकशी करतो.

घरातली चौकशी त्याआधीच झाली होती. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या होत्या, "या वयात कुनाला दावायची हाय गं?"

"शिंपिणीला," मी म्हटलं. "माप घेताना दचकते बिचारी."

दचकायची मी. रोज, न्हाणीत. पण ते आत्यांना कुठं सांगत बसू.

"पूजा," मी विचारलं, "त्यानं अंकिताचं नाव घेतलं का?"

पूजा थबकली. "नाव... न्हाई. तुमचंच इचारत हुता. म्हटलं, पोरीची पारख आईवरनंच करत्यात की."

"मग काय सांगितलंस?"

"आबांनी ठरवून दिलंय, तेच."

आबा म्हणजे लालासाहेब. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. गल्लीत लग्नापासून भांडणापर्यंत काहीही ठरवायचं तर तेच ठरवतात. मी पारावर गेले, तर मिशीवर हात फिरवत बसले होते.

"ये सूनबाई. मोर्चा सांभाळला बघ आमी."

"काय सांगितलं आबा त्याला?"

"हे बघ. तुजं आपरेशन झालेलं सगळ्या गावाला ठावं हाय. न्हाईच म्हनलं तर पकडलं जानार. म्हनून स्थळाचं कानावर आलं तवाच मी सगळ्यास्नी एक जबानी पाठ करून दिली. व्हय, गाठ हुती. पर सात वर्सं झाली. साधी गाठ. मिरजंला काढली, तवापासनं ठणठणीत."

"आणि माझे केस गेले ते?"

"टायफॉईड."

मला हसू यायला हवं होतं.

"ताजं दुखनं म्हनलं की सोयरीक मोडती, पोरी," आबा आवाज खाली आणून म्हणाले. "आईला झालं म्हंजी लेकीला बी हुनार, आसं म्हनत्यात. जुनं म्हनलं की इषय संपला."

आमची पॉलिसी तीन वर्षांपूर्वी काढलेली. आजार तिच्याआधीचा आणि आम्ही तो लपवला, एवढंच कंपनीला हवं असणार. सात वर्षं गल्लीनं तिला बशीत घालून दिली होती.

"डॉक्टर कोण, हे विचारलं का त्यानं?"

"इचारलं तर! मी मिरजंच्या त्या म्हाताऱ्या डॉक्टराचं नाव ठोकून दिलं. वारला त्यो. मेलेला मानूस कुटं साक्षीला येतोय?" आबा खूश होऊन हसले. "डोकं लागतं त्याला."

मी वळले तेव्हा आमच्या दारात अकरा नंबरची मोटरसायकल उभी होती.

सोप्यात तो चहा पीत बसला होता. तरुण, नीट भांग पाडलेला. मोबाईल शेजारी पालथा ठेवलेला. समोर सासूबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून.

"ही आमची सून," आत्या म्हणाल्या. "दिसती का कुटं आजारी? सात वर्सं झाली की."

"आत्या, गप्प बसा."

"आगं, पावन्यासमूर!"

मी त्याला सरळ विचारलं, "दादा, तुम्ही विमा कंपनीकडून आलात ना?"

"हो ताई." त्यानं कप खाली ठेवला. "मी कुणालाही खोटं सांगितलं नाही. फक्त विचारलं."

मग मी सगळं सांगितलं. स्थळ, आबांची जबानी, टायफॉईडसुद्धा. तो इतक्या सभ्यपणे ऐकत होता, की माझ्या अंगावर काटा आला. आत्यांना समजायला जरा वेळ लागला. समजलं तशा त्या उठल्या आणि त्याच्यापुढं हात जोडून उभ्या राहिल्या.

"आवं सायेब, आमी खोटं बोललो. गेल्या वर्साचंच हाय सगळं. देवाशप्पत."

"आजी, आत्ता खरं बोलताय की मघाशी?" आवाजात राग नव्हता. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "ताई, मी पुष्कळ गावं फिरतो. कोण दोन वर्षं म्हणतं, कोण पाच. चार घरी चार गोष्टी. तुमच्या गल्लीत सगळ्यांनी सातच सांगितली, मिरजच सांगितली. एवढं जुळतं, ते खरं असलं तरच."

मोबाईल खिशात टाकून, चहा छान होता म्हणून तो निघून गेला.

त्यानंतर प्रीतीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता.

"मावशी, मंजुरी थांबवलीय. सात वर्षांपूर्वीच्या गाठीचे कागद मागितलेत. पहिल्या ऑपरेशनची फाईलपण परत उघडलीय."

"गाठच नव्हती गं तेव्हा."

"मग नव्हती, असा कागद आणा."

"असा कागद कोण देतं?"

ते तसंच सोडून ती म्हणाली, "मॅडम विचारत होत्या, पिशवीवरची कातडी लाल झालीय का."

झाली होती. थोडीशी. मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यांनी, म्हणजे उदयसिंहांनी, मला गाडीवर बसवलं आणि आम्ही मिरजेला गेलो. त्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आता शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर त्यांची बायको एकटी राहते. तिनं आम्हाला पाणी दिलं, पंखा लावला. बाई इतकी मायाळू, की माझ्या जिवात जीव आला.

"आजी," मी म्हटलं, "मी डॉक्टरांकडं कधीच आले नव्हते. तेवढं चार ओळीत लिहून द्याल का?"

"कागद सगळे रद्दीत गेले गं." ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "परवा सातारचा एक मुलगाही हेच विचारत आला होता. तुझा फोटो होता त्याच्याकडे."

यांनी ग्लास खाली ठेवला. "काय सांगितलंत त्याला?"

"काय सांगणार? आमच्या यांना पेशंटची नावं तोंडपाठ असायची. त्यांच्यामागं मी कुणाला ओळखत नाही म्हणायचं, बरं नाही वाटत. त्यानं गाव, दुखणं सगळं सांगितलं, तसं म्हटलं, हो, आठवते मला. कुंडलची ना?" ती पुढं सरकली आणि माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाली, "डावी बाजू होती ना गं तुझी?"

माझा दुसरा हात आपोआप पदराखाली डावीकडं गेला. म्हातारीनं ते पाहिलं आणि ओळख पटल्यासारखी समाधानानं मान हलवली.