फोन सांभाळणारी मांडणी

मित्रांनो, माझ्या बहिणी तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील. कुणी स्वयंपाकघरात भांडी पेलते, कुणी वाण्याच्या दुकानात बरण्या. माझ्या नशिबी यातलं काहीच आलं नाही. तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्याच्या गेटवर, चौकीच्या भिंतीला पाठ लावून मी आयुष्यभर उभी राहिले. लाकडाची, साधी, अंगभर छोटे छोटे कप्पे असलेली मांडणी.

जवळच्याच पाम गावच्या एका सुतारानं मला घडवलं. परदेशातून कुठलंसं यंत्र आलं होतं, त्याच्या खोक्याच्या फळ्या उरल्या होत्या. त्या तासून, घासून त्यानं कप्पे केले. प्रत्येक कप्प्याच्या तोंडाशी एक बारीक पट्टी ठोकली, म्हणजे आतली वस्तू घसरून पडू नये. काम झाल्यावर हात झटकत तो म्हणाला, "ह्या पट्ट्या हीच हिची अब्रू हाय." ते मी मनाला लावून घेतलं.

सुरुवातीला माझ्याकडे काडेपेट्या आणि विड्यांची बंडलं यायची. आत वाफा असतात, एक ठिणगी पडली तर घात होईल, म्हणून कामगारांनी या वस्तू माझ्याकडे ठेवूनच आत जायचं. मग काळ पालटला आणि फोन आले. आधी बटणांचे, मग काचेचे. फोननंही ठिणगी पडू शकते म्हणे. म्हणून तेही माझ्याच पदरात आले. साहेबलोकांचे फोन मात्र त्यांच्या हातात, खिशात, कानाला, सरळ आत जात. त्यांच्या फोनना ठिणगी पाडायचं वावडं असावं, अशी मी आपली समजूत करून घेतली. लाकडाची अक्कल ती किती असणार?

एकदा तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "छान व्यवस्था आहे." कुणी माझं कौतुक केलं ते तेवढंच. मी कितीतरी दिवस त्यावर खूश होते.

आवाज बंद ठेवून फोन ठेवायचे, असा नियम होता. पण आवाज बंद केला तरी फोन गप्प बसतो थोडाच? तो थरथरतो. दुपारी गेटवर सामसूम झाली, ऊन चौकीच्या उंबऱ्यापर्यंत आलं, की माझ्या अंगात एकेक फोन थरथरायला लागायचा. इथे, मग तिथे, मग खालच्या ओळीत. माझा डोळा लागायचा आणि ती थरथर माझ्या झोपेत उतरायची. मला वाटायचं, जालन्याकडची कुणी आई विचारतेय, पोचलास का रे. कुणाचं तरी लेकरू शाळेतून आलंय आणि त्याला किल्ली सापडत नाहीये. कुणाकडे पाहुणे आलेत. मी त्या सगळ्या घरांमधून हिंडून यायची. कुठे शेवग्याचं झाड दिसायचं, कुठे दारात वाळत घातलेले बोंबील. माणसं माझ्या अंगात बोलत असायची आणि ज्यांच्याशी बोलायचं ती भिंतीपलीकडे पोती भरत असायची. कुणाची कुणाशी गाठ पडायची नाही.

त्यातलीच एक नलू. चिंचणीच्या मासेमारी करणाऱ्या घरातली. आधी पाटी डोक्यावर घेऊन मासळी विकायची, मग गुडघे दुखायला लागले तशी आमच्याकडे पॅकिंगला लागली, ठेकेदाराकडून. तिचा नवरा कमलाकांत बोटीवर खलाशी. मित्रांनो, बोट खोल गेली की फोनला रेंज नसते. परत येताना किनाऱ्याजवळ रेंज मिळाली रे मिळाली, की बोटीवरचा प्रत्येक जण घरी फोन लावतो. आलो, पाट्या घेऊन बंदरावर या. तो फोन म्हणजे माणूस जिवंत परत आल्याची खूण. कमलाकांतचा फोन आला की नलूच्या फोनच्या काचेवर त्याच्या नावाशेजारी एका निळ्या बोटीचं चित्र उमटायचं. ती बोट मला फार आवडायची. वाटायचं, माझ्या त्या कप्प्यात समुद्र आलाय.

एके दिवशी नलू आली ती उतरल्या तोंडानं. बाहेर वारा सुटला होता. गावच्या बाकीच्या बोटी आदल्या दिवशीच बंदराला लागल्या होत्या, कमलाकांतची बोट आली नव्हती. खाडा केला तर ठेकेदार दुसरी बाई घेणार होता, म्हणून ती तशीच कामावर आली होती.

फोन ठेवताना ती चौकीदाराला म्हणाली, "नरहरीभाऊ, ह्यांचा फोन आला तर मला सांगाल? बोट अजून आली नाय."

नरहरी लातूरकडचा, सरळ माणूस. त्यानं वर कॅमेऱ्याकडे बघितलं. "ताई, दुसऱ्याच्या फोनला हात लावायची मला परवानगी नाही बघा. आणि गेट सोडून आत यायचीही नाही."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. भांडली नाही, रडली नाही. त्या 'बरं'नं माझा जीव कासावीस झाला.

दुपार झाली. वारा चौकीच्या पत्र्याशी झोंबत होता. मी झोपले नाही. आणि तिच्या कप्प्यात निळी बोट उमटली.

आला! कमलाकांत आला होता. फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. सगळ्या कारखान्यात ही गोष्ट मला एकटीला ठाऊक होती, आणि मला तोंड नव्हतं. नरहरी गेटवर ट्रकवाल्याशी बोलत होता. आत ती बाई छातीवर धोंडा ठेवून पोती शिवत असेल, आणि तिच्या जिवाचा दिलासा मी पोटात धरून बसले होते. शिफ्ट सुटेपर्यंत तशीच बसणार होते.

फोन थरथरत थरथरत पुढे सरकत होता. पट्टीला येऊन टेकला. त्या पट्टीचा एक खिळा वाळवीनं केव्हाच सैल केला होता, दुसऱ्याला मी नेटानं धरून होते. इतक्या वर्षांत माझ्या अंगावरून काडेपेटीसुद्धा खाली पडली नव्हती. पुन्हा फोन आला, पुन्हा बोट उमटली. मी त्या सुताराची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि खिळा सोडून दिला.

फोन फरशीवर आपटला. नरहरी धावत आला. काचेला तडे गेले होते, पण फोन थरथरतच होता. उचलताना त्याचा अंगठा काचेवरून सरकला आणि आवाज आला, "नलू, आमी आलो गो. इंजिन बंद पडलेलं, दुसऱ्या बोटीनं ओढत आनलं. सगळी मानसं नीट हायत."

नरहरीनं फोन कानाला लावला. मग म्हणाला, "मी गेटवरून बोलतोय. तुम्ही फोन ठेवू नका, भाऊ."

तेवढ्यात कारखान्याचे मॅनेजर निमेश साहेब, फोन समोर धरून, आतून येत होते. त्यांची मुलगी पालघरला घरी होती. तिनं काढलेलं चित्र ती फोनवर दाखवत होती आणि साहेब हसत होते. मायाळू माणूस. एरवी त्यांना सलाम ठोकून बाजूला होणारा नरहरी आज त्यांच्या वाटेत उभा राहिला.

"साहेब, पॅकिंगच्या नलूताईंना हा फोन द्यायचाय. नवरा समुद्रावरून आलाय त्यांचा."

"फोन आत नेता येत नाही, नरहरी. तुला माहीत आहे," साहेब म्हणाले.

बोलून झालं आणि त्यांची नजर स्वतःच्या हातातल्या फोनकडे गेली. त्यांची मुलगी चित्र धरून तशीच थांबली होती. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी आपला फोन माझ्या एका रिकाम्या कप्प्यात ठेवला आणि म्हणाले, "मी तिला बाहेर घेऊन येतो."

नलू आली. साहेब स्वतः बोलवायला आले म्हणजे वाईटच बातमी, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. साहेबांनी वाटेत सांगितलं असावं, पण तिच्या कानात शिरलं नसावं. तिचे हात पावडरीनं पांढरे झाले होते. नरहरीनं फोन तिच्या कानाला लावून धरला. पलीकडून आवाज आला.

मग ती म्हणाली, "जेवलास का?"

मित्रांनो, त्या दोन शब्दांसाठी मी माझी अब्रू दहादा घालवीन.

पुढे व्हायचं तेच झालं. फोन पाडणारी मांडणी म्हणून मला काढून टाकलं. आता मी कँटीनच्या मागे पडून आहे, पाली माझ्या कप्प्यांत संसार करतात. गेटवर लोखंडी लॉकर आले. फोन पूर्ण बंद करूनच त्यात ठेवायचे, असा नवा नियम आला. तिथे काही थरथरत नाही. नरहरीची नोकरी वाचली, साहेबांनी शब्द टाकला. पण कामगारांनी फोन बाहेर ठेवायचा, हा नियम कुणी बदलला नाही.

आज पुन्हा वारा सुटला आहे. नलू आत आहे, कमलाकांत समुद्रावर आहे, आणि तिचा फोन लोखंडात मुका पडला आहे.

मला रंग द्या, दुरुस्त करा, असं मी म्हणणार नाही. तुमचा फोन दिवसभर तुमच्या हातात असतो, जेवतानासुद्धा. पण तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा फोन ओट्यावर वाजतो, आणि त्यांचे हात साबणात असतात. त्या तुमच्या आईकडे बघतात आणि फोन वाजू देतात. त्या वेळी तुम्ही उठा, त्यांना फडकं द्या आणि म्हणा, "मावशी, भांडी राहू द्या. आधी बोला."