रबरी लेप

“अवो, हात लावून बघा जरा. भित हालतेय!” तुळशीनं नवऱ्याला हाक दिली.

“हालत नाय, चमकतेय. रंग न्हवं गो तो, रबरी लेप हाय. आतनं बी पानी नाय, भायेरनं बी नाय.” हिंदुराव उंबऱ्यावरून उठला नाही.

जांभूळ गावच्या रस्त्याकडे तोंड केलेली ती पश्चिमेची भिंत. कोण वळून बघतं आणि कोण बघून न बघितल्यासारखं करतं, सगळं हिंदुरावाच्या डोक्यात नोंदलेलं. दरसाल तुळशी तिला पेंढ्याचे तट्टे बांधायची. यंदा त्यानं बांधू दिले नाहीत. एवढा लेप काय झाकून ठेवायला दिला होता?

ब्याण्णव सालचा पाऊस उघडीप द्यायला तयार नव्हता. खाली मांजर्ली गावात नदी शिरली होती. इथं वळचणीचं पाणी वरून मातीच्या भिंतीत उतरलं आणि लेपामुळं आतच कोंडलं. भिंत गाभण म्हशीसारखी फुगली. ती बसली तर तिच्यावर टेकलेला वासा येणार, वाशामागं अख्खं छप्पर.

तुळशीनं कोयता उचलला. “चिरते. पानी तरी जाईल.”

“खबरदार! शोभा जाईल.”

“घर चाललंय आन शोभा? लेप घेताना दुकानदाराला सांगितलं का, भित मातीची हाय म्हनून?”

हिंदुराव उठला आणि लेपावरचे थेंब पुसू लागला.

“अवो, मी इचारते!”

“उल्हासनगरात त्यानं इचारलं, ‘दीवार सिमेंट की है ना?’ शेजारी शिरगावचे व्याही हुबे. नव्या बंगल्यासाठी तोच लेप घेत होते. मी बोल्लो, हां.”

तुळशीनं कोयता त्याच्यापुढं धरला. हिंदुरावानं तिच्या हातातला कोयता घेतला आणि जोत्यालगत लेप आडवा चिरला.

चिखल भसाभसा बाहेर आला आणि त्यासरशी भिंतीचा मधला भाग मटकन खाली बसला. वासा करकरला. दोघांनी धावून त्याखाली खांदे लावले. पाऊस थेट घरात. समोर वळचणीला लेप मात्र अखंड लोंबत होता, खालची चीर सोडली तर ओरखडासुद्धा नाही.

रस्त्यावरून शेजारचा अनंता छत्री सावरत आला. थबकला.

“च्यायला हिंदुराव, भित कुटं गेली? लेप तेवढा झकास टिकलाय!”

“टिकलाय ना?” हिंदुरावानं वाशाखालचा खांदा सावरला. “मंग तो काप आन हिच्या पाठीवर टाक. भिजतेय ती. आन मंग वाडीला हाक मार. माजा खांदा आता लय येळ टिकनार नाय.”