पूजेबाहेरचं पुस्तक

मधुसूदनरावांनी झेंडूची फुलं बाजूला सारली आणि पाटावरच्या चळतीतलं सगळ्यांत जाड पुस्तक हळूच ओढलं, तोच मागून आवाज आला.

"अहो! हात काढा आधी."

भानुमतीबाई आरतीचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. खंडेनवमीची पूजा नुकती झालेली. पाटावर विळी, कात्री, पाना आणि त्यांच्याशेजारी हळदकुंकू लावलेली लिनक्सची तीन ठोकळ्यांसारखी पुस्तकं. पूजेत ठेवलेलं पुस्तक दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत उघडायचं नाही, हा या घरातला कायदा. आणि घरात कायदा भानुमतीबाईंचा.

"अगं, कारखान्यातून फोन आलाय. सर्व्हर अडलाय. उद्या माल निघायचाय आणि चलनच निघेना."

"मग त्याला देवाचं पुस्तक कशाला?"

"देवाचं नाही, सर्व्हरचं आहे ते!"

"पूजेला ठेवलं, देवाचं झालं."

आता मधुसूदनराव काही कॉम्प्युटरवाले नव्हेत. वाळूजच्या त्या कारखान्यात त्यांनी जन्मभर हिशेब सांभाळले. लिनक्सवर चालणारा सर्व्हर गोकुळ नावाचा पोरगा बघायचा. तो पुण्याला गेला आणि राजेंद्रशेठ म्हणाले, "मधुसूदनराव, आता तुम्हीच बघा." नाही म्हणायची सोय नव्हती. हिशेब एव्हाना प्रोग्रामच करत होता, आणि बिनकामाच्या माणसाला शेठ फार काळ खुर्चीवर ठेवत नाहीत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

म्हणून ते औरंगपुऱ्यात गेले आणि पुस्तकं निवडली, तीही शेठना दिसावीत अशी. जाडजूड, एक तर निव्वळ सर्व्हरच्या सुरक्षेवर. टेबलावर मांडली तसे शेठ खूश. "वा! आमची काळजी मिटली." मधुसूदनरावांची तिथूनच सुरू झाली. घरी आणून रोज उघडायचे, पण पहिल्या प्रकरणापुढं गाडी सरकेल तर शपथ! दुकानदारानं एक बारकंही पुढं केलं होतं, अगदी नवशिक्यांचं. "कुणासाठी हवंय?" त्यानं विचारलं. "भाच्यासाठी," मधुसूदनरावांनी ठोकून दिलं. त्यांना भाचा नाही. त्या पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घालून ते ऑफिसच्या पिशवीत ठेवायचे आणि डबा खाताना चोरून वाचायचे. तरी धीर म्हणून येईना. दसऱ्याला शेठना सांगून टाकायचं, आपल्याच्यानं हे होत नाही, मग पुढं काय व्हायचं ते होवो, असं त्यांनी परवाच भानुमतीबाईंना सांगितलं होतं.

"पिशवी खुंटीला आहे," भानुमतीबाई म्हणाल्या. "जाऊन या. पोहोचल्यावर आधी घोटभर पाणी प्या."

देवाचं नाव घेत त्यांनी पडेगावातून स्कूटर काढली. कारखान्याच्या दारातच फोरमन रामकिसन उभा होता, चेहरा एवढासा करून.

"काका, आमी काय बी नाय केलं. सगळ्या मशिनी बंद करून पूजल्या, तसं ह्यालाबी बंद केलं. पुसलं, हार घातला. आता दिवे लागतेत, पण काम करंना."

"अरे बाबा, सर्व्हर बंद करायचा नसतो असा."

"चालू मशिनला कुंकू कोण लावतंय, काका?"

मधुसूदनराव आधी पाणी प्यायले, बारकं पुस्तक मांडीवर घेतलं आणि हार घातलेल्या त्या खोक्यासमोर बसले. घाईनं काही बदलू नका, आधी काय चालू आहे आणि काय बंद, तेवढं बघा. हे त्यांनी भाकरीच्या घासागणिक वाचलं होतं. त्यांनी बघितलं. एकेक ओळ वाचत गेले आणि एका ओळीपाशी थांबले. हिशेब आणि चलनं साठवणारा डेटाबेस उठलाच नव्हता. बिघडलं काहीच नव्हतं. सर्व्हर चालू झाला की डेटाबेसनं आपोआप उठावं, ही सोय गोकुळनं करूनच ठेवली नव्हती, आणि तो होता तोवर त्यानं पूजेलाही सर्व्हर कुणाला बंद करू दिला नव्हता. त्यांनी डेटाबेस चालू केला, ती सोयही करून टाकली.

प्रिंटर घुरघुरला.

"निघालं! काका, चलन निघालं!" रामकिसन ओरडला.

छातीवरचा धोंडा उतरला. मधुसूदनरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. उठता उठता त्यांना दिसलं, गोकुळचं खातं अजून उघडंच होतं. गेलेल्या माणसाला दार उघडं कशाला? त्यांनी तेही बंद केलं. मग पुस्तक पिशवीत टाकायला गेले तेव्हा लक्षात आलं, ते एकदाही उघडलं नव्हतं.

घरी आल्यावर चपला काढत त्यांनी विचारलं, "ते बारकं का नाही ठेवलंस पूजेत?"

"त्या तिघांची पानं अजून कोरी करकरीत," भानुमतीबाई म्हणाल्या. "याच्या पानापानाला लोणच्याचं तेल. रोज हाताशी लागणारं कसं अडकवून ठेवू?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"कव्हरवर गॅसची तारीख माझ्या अक्षरातली आहे." त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "मग? उद्या सांगणार शेठना, जमत नाही म्हणून?"

"सोनं द्यायला जाईन. तेवढंच."

त्यांनी पुस्तक काढलं, कॅलेंडरचं कव्हर उतरवलं आणि पाटावर त्या तीन जाड पुस्तकांच्या वर ठेवलं.

"बघा हं," भानुमतीबाई म्हणाल्या. "पुन्हा फोन आला, तरी उद्यापर्यंत हात लावू द्यायची नाही मी."

"नको लावू देऊस," मधुसूदनराव म्हणाले. "कुंकू आण."